मुदत संपली तरी सेवा थांबू नये
(वार्षिक सर्वसाधारण सभेत संस्थेच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत आम्ही खाटा, शस्त्रक्रिया आणि नव्या यंत्रसामग्रीचा हिशेब आपल्यापुढे ठेवतो. आज मात्र आपणांपैकी बहुतेकांनी न पाहिलेल्या, कोणत्याही देणगीदाराच्या नावाची पाटी नसलेल्या एका यंत्राविषयी बोलण्याची अनुज्ञा असावी. रुग्णालयातील प्रत्येक डॉक्टर, परिचारिका व तंत्रज्ञ यांची ओळख सांभाळणारा हा सर्व्हर होय.

परळ हा परिसर रुग्णसेवेचे माहेरघर आहे. १८९९ साली प्लेग प्रयोगशाळा, म्हणजे आजची हाफकिन संस्था, येथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली; १९२६ साली केईएम आणि १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. कोकणातून, खानदेशातून, विदर्भातून दादरला उतरणारा रुग्ण हातात जुने कागद घेऊन आजही याच वाटेने येतो. पूर्वी त्याचा केस पेपर नोंदवहीत असे, आता तो संगणकावर असतो. तो कोणी उघडावा, त्यात औषध कोणी लिहावे आणि रक्तपेढीकडे मागणी कोणी नोंदवावी, हे ठरविण्याचे काम ओळख-व्यवस्थापन सर्व्हर करतो. रुग्णाची गोपनीयता आणि उपचारातील जबाबदारी या दोहोंचा तो राखणदार आहे.

अशा कामासाठी ‘फ्री-आयपीए’ ही मुक्त संगणकप्रणाली अनेक संस्थांत वापरली जाते. तिच्या पोटात चार-पाच स्वतंत्र सेवा असतात: कर्मचाऱ्यांची सूची, पासवर्ड पडताळणारी ‘कर्बेरोस’ यंत्रणा, प्रमाणपत्रे देणारे कार्यालय आणि वेब सेवा. या सेवा एकमेकींवर आंधळा विश्वास टाकीत नाहीत. प्रत्येकीजवळ डिजिटल प्रमाणपत्र असते व त्यावर मुदतीची तारीख असते. लोकलच्या पासासारखेच हे. काल रात्रीपर्यंत चाललेला पास आज सकाळी तपासनिसापुढे निरुपयोगी ठरतो. प्रवासी तोच, गाडी तीच, स्थानकही तेच. केवळ तारीख उलटलेली असते.

या प्रणालीत मूळ प्रमाणपत्राची मुदत साधारणतः २० वर्षे, तर सेवांच्या प्रमाणपत्रांची सुमारे दोन वर्षे असते. ‘सर्टमाँगर’ नावाचा एक पहारेकरी मुदत संपण्यापूर्वी २८ दिवस नूतनीकरणाच्या प्रयत्नाला लागतो. बहुतेक वेळी हे काम निमूटपणे पार पडते. परंतु नूतनीकरणाची जबाबदारी ज्या एका सर्व्हरवर सोपविलेली असते तोच सेवेतून काढला गेला आणि ती जबाबदारी दुसऱ्याकडे द्यायची राहिली, तर पहारेकरी दार ठोठावीत राहतो आणि आतून उत्तर येत नाही.

मग तारीख उलटते आणि विचित्र पेच उभा राहतो. नवे प्रमाणपत्र देणारे कार्यालय सुरू व्हायला वैध प्रमाणपत्र लागते, आणि ते प्रमाणपत्र तेच कार्यालय देणार असते. ओळखपत्राच्या कचेरीत शिरण्यासाठी दारावर ओळखपत्रच मागावे, तसा हा प्रकार. ज्या संगणकावर कर्मचाऱ्याने पूर्वी लॉगिन केले आहे तेथे जपून ठेवलेल्या नोंदीवर त्याला काही काळ काम करता येते. पण रात्रपाळीला वॉर्डातील दुसऱ्याच संगणकासमोर बसलेल्या निवासी डॉक्टरला तो संगणक ओळखत नाही.

ही भीती काल्पनिक नव्हे. ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सन कंपनीच्या सॉफ्टवेअरमधील एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ब्रिटनमधील ओटू व जपानमधील सॉफ्टबँक यांच्या कोट्यवधी ग्राहकांची मोबाइल सेवा कोलमडली. आपल्या देशात २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला आणि जवळजवळ दोन आठवडे बरीच कामे हाताने करावी लागली. तेथील कारण निराळे होते, पण संगणक थांबला की रांगेतल्या रुग्णाला काय सोसावे लागते, हे त्या दिवसांनी दाखवून दिले.

सुदैवाने या पेचातून वाट आहे. प्रथम सर्व्हरची संपूर्ण प्रत काढून सुरक्षित ठेवावयाची. नंतर कोणत्या प्रमाणपत्राची मुदत केव्हा संपली याची यादी करावयाची. मूळ प्रमाणपत्र शाबूत असेल, तर २०१९ पासून या प्रणालीत उपलब्ध असलेली दुरुस्तीची आज्ञा मुदतबाह्य प्रमाणपत्रे ओळखून नवी तयार करते. एका सर्व्हरवर हे काम पूर्ण झाल्यावरच उरलेल्या सर्व्हरांकडे वळावयाचे. शेवटी प्रत्येक सेवा सुरू आहे काय आणि नव्या प्रमाणपत्राचा क्रमांक सूचीतील नोंदीशी जुळतो काय, हे पडताळावयाचे असते.

जुना मार्ग याहून नाजूक आहे. सर्व्हरचे घड्याळ मुदत शिल्लक असलेल्या दिवसावर मागे न्यावयाचे, सेवा एकेक करून जागवावयाच्या, नूतनीकरण होऊ द्यावयाचे आणि घड्याळ पुन्हा वर्तमानात आणावयाचे. मात्र कर्बेरोस सर्वसाधारणपणे पाच मिनिटांहून अधिक तफावत मान्य करीत नाही. म्हणून तेवढ्या अवधीत हा सर्व्हर इतरांपासून अलग ठेवावा लागतो. रुग्णनोंदींच्या सर्व्हरचे घड्याळ तर कोणत्याही सबबीवर हलवू नये. इंजेक्शन किती वाजता दिले, रक्त केव्हा चढविले, मृत्यू कोणत्या क्षणी नोंदविला, या वेळा खोट्या पडल्या तर पुढील पाळीचा डॉक्टर फसतो आणि न्यायालयापुढे कुटुंबाचा पुरावाही दुबळा होतो. सर्व्हर वाचविण्यासाठी रुग्णाच्या कागदावरील सत्य पणाला लावता येत नाही.

म्हणूनच संकटाची वाट न पाहता आम्ही या वर्षी त्याची तालीम घेतली. सर्व्हरची प्रत मुख्य जाळ्यापासून तोडून, आपोआप नूतनीकरण बंद ठेवून तिची तारीख पुढे सरकवली. प्रमाणपत्रांची मुदत संपू दिली आणि लिहून ठेवलेल्या क्रमाने ती पुन्हा उभी केली. त्याच वेळी वॉर्डांमध्ये छापील केस पेपर, औषधपत्रके आणि रक्तमागणीचे अर्ज वापरून काम करण्याचा सराव झाला. ज्येष्ठ परिचारिकांना हे हातवळणीचे होते. नव्या पिढीला ते शिकावे लागले. शिकणाऱ्यांनी ते मनापासून शिकले, याचा आम्हांस आनंद वाटतो.

या तालमीतून ठरलेल्या गोष्टी थोडक्या आहेत. प्रमाणपत्रांच्या तारखा आता संगणक विभागाच्या भिंतीवर आणि वैद्यकीय अधीक्षकांच्या मेजावर, अशा दोन्ही ठिकाणी असतात. आपत्कालीन खात्याचा पासवर्ड मोहोरबंद पाकिटात तिजोरीत असतो व तो दोघांच्या सहीनेच निघतो. जबाबदार तंत्रज्ञ रजेवर असला तरी दुसऱ्याला काम चालविता यावे, म्हणून सर्व पायऱ्या मराठीत लिहून ठेवल्या आहेत.

देणगीदारहो, येथे आम्हांस आपल्याकडे एक मागणे मागावयाचे आहे. यंत्र घेण्यासाठी मिळणारे दान दिसते, त्याचे उद्घाटनही होते. यंत्र रोज चालते ठेवणाऱ्या माणसाचा पगार, राखीव सर्व्हर, वर्षाकाठी एकदा होणारी तालीम यांना हार घालता येत नाहीत. सार्वजनिक संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२९ पासून अवघ्या ४७ दिवसांवर आणण्याचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये जागतिक मंचाने घेतला आहे. तो नियम आपल्या अंतर्गत सर्व्हरला लागू नसला, तरी काळाची दिशा त्यातून स्पष्ट होते: वर्षातून एकदा आठवण ठेवून यापुढे भागणार नाही, सातत्याने राखण करावी लागेल. आपल्या देणगीचा काही भाग या देखभालीसाठी राखून ठेवण्यास आपण संमती द्यावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

आणि आप्तजनहो, एखाद्या दिवशी संगणक बंद असल्याचे आपणांस सांगण्यात आले, तर घाबरू नये. रुग्णाचे जुने कागद, चालू औषधांची चिठ्ठी आणि ॲलर्जीची माहिती जवळ ठेवावी व विचारताच ती द्यावी. संगणकाला त्या घटकेला डॉक्टर ओळखता आला नाही, तरी डॉक्टरांना आपला रुग्ण ओळखता आला पाहिजे. त्यासाठीच हा सारा खटाटोप आहे.