गवती चहा की गुळवेल?

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

बागेविषयी बोलायला कुठेही गेलो, की कार्यक्रम संपल्यावर दोन-चार जण थांबतातच. कोणाकडे तळमजल्याच्या घरापुढे चार हात माती असते, कोणाकडे गच्चीवर दोन कुंड्या, कोणाकडे बंगल्याचे कुंपण. प्रश्न मात्र बहुतेकदा ठरलेला. ‘‘घरात उपयोगी पडेल असं काहीतरी लावायचंय. गवती चहा लावू, की गुळवेल?’’ २०२० च्या टाळेबंदीपासून तर हा प्रश्न फारच वाढला. काढ्याच्या त्या दिवसांत जो तो गुळवेल शोधत होता. तेव्हा आज या दोघांना शेजारी शेजारी उभे करून बघू या.

गवती चहा, म्हणजे कोणी म्हणतात तो पातीचा चहा, नावाप्रमाणेच गवत आहे. ऊस, ज्वारी, बांबू यांचा भाऊबंद. एकदा लावला की वर्षानुवर्षे टिकतो, पण जागचा हलत नाही. त्याचे ठोंब रुंद होत जाते, इतकेच. आपल्याकडे लावलेल्या गवती चहाला फुले क्वचितच येतात. त्यामुळे बियांच्या नादी लागू नये. कोणाकडून तरी मुळांसकट दोन-तीन फुटवे मागून आणावेत, वरची पाती निम्म्याने छाटावी आणि फुटवे रोवून टाकावेत. बाजारातून विकत आणण्याचे हे झाड नव्हेच, हे शेजारधर्माचे झाड आहे.

त्याला हवे असते ते ऊन. दिवसाचे पाच-सहा तास ऊन मिळाले तर पाती जाड, करकरीत आणि सुगंधी होते. सावलीत ती लांबलचक वाढते, लोळते आणि वासाला पातळ पडते. हा लिंबासारखा वास सिट्रल नावाच्या द्रव्याचा. साबणापासून सुगंधी तेलांपर्यंत त्याचा उपयोग होतोच, शिवाय ‘अ’ जीवनसत्त्व कारखान्यात तयार करतानाही त्याचा आधार घेतात. केरळात तर याच्याच एका जातभाईची तेलासाठी शेती होत आली आहे. आपल्याला मात्र सकाळच्या आल्याच्या चहात दोन पाती पुरतात. कापताना जमिनीपासून वीतभर ठेवून कापावे, म्हणजे फुटवा पुन्हा जोमाने येतो. आणि हात सांभाळावा. पातीची धार ब्लेडसारखी लागते.

आता गुळवेल. हिचा स्वभाव अगदी उलटा. गवती चहा जागा धरून बसतो, ही जागा शोधत निघते. संस्कृतात हिला अमृता म्हणतात आणि छिन्नरुहा असेही एक नाव आहे, म्हणजे कापली तरी वाढणारी. हे नाव अक्षरशः खरे आहे. कापलेला तुकडा नुसता टांगून ठेवला तरी बरेच दिवस हिरवा राहतो. झाडावर चढलेली वेल खालून तोडली, तर वरचा भाग मरत नाही. तो सुतळीसारखी बारीक मुळे हवेत सोडतो, ती लोंबत लोंबत खाली येतात आणि मातीला टेकली की वेलीचा संसार पुन्हा सुरू.

लावायला ती सोपी. करंगळीएवढ्या जाडीचा, दोन-तीन पेरांचा तुकडा पावसाळ्याच्या तोंडावर रोवला की काम झाले. मात्र तुकड्याची वरची बाजू वरच राहू द्या. पुढे पाणी फारसे मागत नाही. उन्हाळ्यात पाने गाळून नुसती दोरखंडासारखी दिसते. पुष्कळजण ती मेली असे समजून उपटून टाकतात. तसे करू नका. नखाने साल जराशी खरवडून बघा, आत हिरवे असेल तर वेल जिवंत आहे. नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असतात, म्हणून लालचुटुक फळांचे घोस एकीवर दिसतात आणि दुसरीवर वर्षानुवर्षे दिसत नाहीत. त्यात तुमच्या निगराणीचा दोष नाही.

हिची खरी अडचण आधाराची. ‘गुळवेल कडुनिंबावरची चांगली’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यातला औषधी भाग वैद्यांवर सोडू या, पण बागेच्या दृष्टीने त्यात शहाणपण आहे. कडुनिंब मोठे, बळकट झाड. ते वेलीचा भार सोसते. तीच वेल लहान डाळिंबावर किंवा कलमी आंब्याच्या रोपावर सोडली, तर दोन पावसाळ्यांत त्याचा शेंडा झाकून टाकील. मोठे झाड नसेल तर तारेची जाळी किंवा कुंपण द्यावे आणि दरवर्षी कात्री चालवावी.

फळबाग असलेल्या शेतकरी बंधूंना मात्र मी गुळवेल लावा असे सांगणार नाही. संत्री, मोसंबी, डाळिंब यांच्या पिकत्या फळाला रात्री सोंड खुपसून रस शोषणारे मोठे पतंग असतात. फळाला बारीक छिद्र पडते, तिथून ते सडते आणि गळते. या पतंगांच्या अळ्या फळावर वाढत नाहीत. त्या वाढतात गुळवेल, वासनवेल अशा वेलींच्या पानांवर. म्हणून तर बांधावरच्या या वेली काढून टाका, असा सल्ला कृषी खात्याची माणसे देतात. शहरातल्या अंगणात जी वेल कौतुकाची, तीच बागाईतदाराच्या बांधावर नुकसानीची ठरते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. माझ्याकडे माणसे पिशवीतून वेलीचे तुकडे घेऊन येतात आणि विचारतात, ‘‘हीच ना गुळवेल?’’ पुष्कळदा ती नसते. कधी वासनवेल निघते, कधी पहाडवेल. दोन्ही गुळवेलीच्याच कुळातल्या. एकदा एका गृहस्थांनी आणलेली वेल भलतीच होती आणि घरातली वडीलधारी माणसे आठवडाभर तिचाच काढा घेत होती. सुदैवाने कोणाला काही झाले नाही.

तेव्हा ओळख पक्की करा. खऱ्या गुळवेलीचे पान हृदयाच्या आकाराचे आणि गुळगुळीत असते. त्याखाली लव हाताला लागली तर वेल दुसरी समजावी. जून खोडावर कागदासारखी पातळ साल असते, ती सुटून येते आणि आत हिरवा गाभा दिसतो. आडवा काप घेतला तर सायकलच्या चाकासारख्या आऱ्या दिसतात. खोडावर चामखिळीसारख्या दाट गाठी असतील आणि चीक येत असेल तर ती हिची दुसरी बहीण, तिच्या वाटेला जाऊ नये.

आणि ओळख पक्की झाली म्हणजे रोज पिण्याचा परवाना मिळाला असे नाही. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ते सगळे गुळवेल घेत होते. वेल नीट ओळखलीच गेली नव्हती, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. पुढे २०२२ मध्ये देशातल्या इतर रुग्णालयांतूनही तशा नोंदी पुढे आल्या. वाद तज्ज्ञांचा आहे, तो त्यांना घालू द्या. आपण एवढेच लक्षात ठेवावे, की झाड अंगणातले असले तरी औषध ते औषधच. ज्यांना यकृताचा त्रास आहे, संधिवातासारखे प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचे विकार आहेत किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढ्याला हात लावू नये.

मग लावावे काय? जागा कुंडीपुरती असेल आणि ऊन असेल, तर निःशंक गवती चहा. बारा इंची कुंडी पुरे. तीन-चार वर्षांनी ठोंब उपसून फोडावे, एक फुटवा आपल्याला ठेवावा, बाकीचे वाटून टाकावेत. मातीचा उतार असेल तर त्याच्या दाट मुळ्या पावसात माती धरून ठेवतात, हा आणखी एक फायदा. डास मात्र त्याच्या नुसत्या असण्याने पळत नाहीत. डासांसाठी वापरतात ते सिट्रोनेला तेल त्याच्या चुलतभावांचे, आणि तेही पानातून काढावे लागते.

जुने, मोठे झाड किंवा लांब कुंपण असेल, आसपास फळबाग नसेल आणि वर्षातून एकदा कात्री घेऊन उभे राहण्याची तयारी असेल, तर गुळवेल जरूर लावा. तिच्या फळांवर पक्षी येतात, तिची हिरवी पाने पावसाळ्यात डोळे निववतात. औषध म्हणून नाही घेतली, तरी वेल म्हणून ती देखणी आहे.

दोन्हींचा लावणीचा काळ एकच, मृगाचा पाऊस. फुटवे आणि तुकडे कोणाकडून आणायचे ते तेवढे आतापासून ठरवून ठेवा.