यादीतलं नाव

(वसंत व्याख्यानमालेतील पाचवे पुष्प. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



पत्रिकेत माझा विषय 'दहशतवाद आणि आपण' असा छापलाय. एवढा विषय मला पेलणार नाही, हे मी कार्यवाहांना फोनवरच सांगितलं होतं. मी एकतीस वर्षं बँकेत कारकुनी केली. मला बोलायचंय ते हस्ताक्षराबद्दल. (हशा) हसा, हसा. घरचेही म्हणतात, ह्यांना चंद्रावर बोलायला उभं करा, हे हस्ताक्षरावरच येणार.

११ जुलै २००६, मंगळवार. संध्याकाळी ६.२४ ते ६.३५. अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये स्फोट झाले, सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत. माहीम, वांद्रे, जोगेश्वरी, बोरिवली... तुम्हाला सगळं ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. माझे दाजी माहीमच्या गाडीत होते.

फोन कोणाचाच लागत नव्हता. रात्री आठपासून मी इस्पितळं पालथी घालत होतो. जिथं जावं तिथं भिंतीवर याद्या. पाठकोरे कागद, चिकटपट्टीनं लावलेले, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या ओल्या हातांनी शाई पसरलेली. एक यादी जखमींची, एक दुसरी. पहिलीत नाव सापडावं आणि दुसरीत सापडू नये, म्हणून माणूस देवाला हात जोडतो. पण एका ठिकाणी दोन्ही कागद एकाच अक्षरात लिहिलेले आणि वरचे मथळे पुसून गेलेले. मी बोट ठेवून दोन्ही वाचले. कुठला कुठला ते कळेना.

तिसऱ्या इस्पितळात, त्याचं नाव घेत नाही, एक कॉलेजातली मुलगी वॉर्डाच्या दारात पुकारत होती, "मिस्टर केन! केन के साथ कोई है?" मी मनात म्हटलं, कोणी ख्रिस्ती गृहस्थ दिसतो बिचारा. (हशा) दोनदा तिच्यासमोरून गेलो. रात्री सव्वादोनला पुन्हा तिथं आलो, तर तिच्या हातातला कागद दिसला. के, ए, एन, ई.

आमच्या दाजींचं आडनाव काणे.

तिच्यापासून चौथ्या खाटेवर होते ते. शुद्धीवर होते. मग ओ का दिली नाही? दोन्ही कानांचे पडदे फाटले होते.

आता हसला नाहीत.

त्या मुलीला मी दोष देत नाही, ती संध्याकाळपासून उभी होती. पण कोणीतरी देवनागरीत 'काणे' एवढी दोन अक्षरं... काय म्हणालात? मागे कोण? हां, "आता मोबाईल आहेत." मोबाईल तेव्हाही होते, साहेब! दाजींच्या खिशातच होता, फुटलेला. म्हातारा जुनं उगाळतोय असं समजू नका. त्या दिवशी किती माणसं गेली, हा आकडासुद्धा तुम्ही कुठे १८९ वाचाल, कुठे २०९. बँकेत वीस रुपयांचा फरक राहिला तर आम्हाला घरी सोडत नसत.

चादरीचं सांगायचं नव्हतं, पण सांगतो. दाजींना रुळांलगतच्या झोपड्यांतल्या पोरांनी बाहेर काढलं. स्ट्रेचर कुठलं असायला? पोरांनी घरातल्या चादरी ओढून आणल्या. दाजींच्या वाट्याची जांभळ्या फुलांची, एका कोपऱ्याला बारीक रफू केलेली. ताईनं ती तीन पाण्यांतून काढली, इस्त्री केली, आणि आम्ही दोघं माहीमला परत द्यायला गेलो. दारोदार दाखवली. कोणी माझी म्हणेना. एक बाई रफूवरून अंगठा फिरवत राहिली. म्हटलं, हिचीच. तर म्हणाली, "रहने दो दीदी, सबने दी थी." चहा पाजला तिनं आम्हाला. तिचं नाव विचारायचं राहिलं. मी, हस्ताक्षराचा एवढा गवगवा करणारा, खिशात पेन असून लिहून घेतलं नाही. चादर अजून ताईकडे आहे, दर वैशाखात उन्हात घालते.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, अजून खटला राहिला की! एका दमात सांगतो. २०१५ साली विशेष न्यायालयानं बारा जणांना दोषी ठरवलं, पैकी पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल आला त्या दिवशी मी दाजींना पाटीवर लिहून विचारलं, काय वाटतं? त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "मग कोणी केलं?" मोठ्या, स्वच्छ अक्षरात.

बरं. दाराशी टेबलावर पोस्टकार्डाएवढे कागद ठेवलेत. जाताना एकेक घ्या. नाव, रक्तगट, घरचा एक फोन नंबर. देवनागरीत आणि इंग्रजीत, दोन्ही. घडी करून पाकिटात ठेवा. पेनं मी आणलीत. दहाच आहेत, लिहून झालं की परत द्या.