गाडीखाली शिरण्यापूर्वी

वडशाला स्पोर्ट मोटारीचे काय काय, असे कोणी म्हणेल. पण ट्रकचा पाटा असो की हौशी मालकाची जुनी ट्रायम्फ स्पिटफायर, काम हाताचेच आहे.

१९६२ साली निघालेली ही गाडी मद्रासेत बनलेल्या स्टँडर्ड हेरॉल्डच्या घराण्यातली. मागे एकच आडवा पाटा; भर वेगात वळताना एकदम ॲक्सिलरेटर सोडला की मागचे चाक आत दुमडू पाहते. १९७० साली कारखान्याने पाटा मधोमध झुलता केला आणि खोड बरीच गेली. मद्रासच्या १९७२ च्या गॅझेलला तर मागे अखंड ॲक्सलच दिला.

नवखा गडी आधी कडक स्प्रिंगा आणतो. आमच्या मते आधी झिजलेले रबरी बुश बदलावेत. आपल्या रस्त्यांवर नुसता कडकपणा सांगाड्याला सोसत नाही. आम्ही कामगारांत हयात घालवली. मालकाच्या हौसेपेक्षा गाडीखाली निजणाऱ्या पोराची काळजी आम्हांला अधिक. जॅक उचलण्यापुरता, खाली भक्कम घोड्या लावल्याशिवाय कोणी शिरू नये. पुढची दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो. ती दाबपट्ट्यांनीच सैल करावी. बुशांचे बोल्ट मात्र चाके जमिनीवर टेकून गाडीचा भार आल्यावरच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर पिळून फाटते.