पाणी कुणाच्याच यादीत नव्हतं

(बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



काल सकाळी तुम्ही डाळमिलच्या शेडचा आराखडा भिंतीवर लावलात. पाया कधी, भिंती कधी, पत्रे कधी, सगळं महिन्यांच्या चौकटीत बसवलेलं. संध्याकाळी दुसऱ्या गटानं खरेदीची यादी वाचली. सिमेंट इतकं, वाळू इतकी, सळई इतकी. दोन्ही कागद चांगले होते. पण ते दोन वेगळ्या मुलींच्या पिशवीत होते, आणि त्या दोघींचं आपसात बोलणं झालेलं नव्हतं. हे पाहून मला आमचं गाव आठवलं, म्हणून आज बोलायला उभी राहिले.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. उस्मानाबादचं आता धाराशिव झालंय. जवळजवळ आठ हजार माणसं गेली. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याखाली लोक झोपेत होते. पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवली, ते सगळ्यांना माहीत असतं. पण तेराशेच्या आसपास गावांत घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायची होती. जागतिक बँकेच्या मदतीनं सरकारनं तो कार्यक्रम चालवला. मदत हप्त्याहप्त्यानं मिळायची, काम घरवाल्यांनी स्वतः करून घ्यायचं. गावोगाव बायकांनी लोकांना माहिती द्यावी, अडचणी वर पोचवाव्यात, अशीही व्यवस्था झाली. उमरगा तालुक्यातल्या आमच्या गावात ते काम माझ्याकडे आलं. सातवी शिकलेली, डोक्यावर पदर, आणि इंजिनिअरसाहेबांशी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड.

पहिल्या वर्षी आमचं काय चुकलं ते सांगते. सिमेंट मिळतंय म्हटल्यावर सगळ्यांनी धावून आणलं. हाताशी आलेला माल सोडायचा नाही, ही गरिबाची सवय. पोती घरात जमिनीवर, भिंतीला टेकवून रचली. वाळू आलीच नाही, कारण तोवर पाऊस लागला होता आणि नदीला पाणी आलं होतं. वाळू नाही म्हणून गवंडी दुसऱ्या गावाला गेला. तीन महिने पडलेल्या सिमेंटची ताकद साधारण पाचव्या हिश्शानं उतरते, आणि खालच्या पोत्यांचे तर दगडच झाले. काम पुढे सरकलं नाही म्हणून पुढचा हप्ता नाही, आणि हप्ता नाही म्हणून नवा माल नाही. आमच्याकडे बहुतेक खाती पुरुषांच्या नावावर. पैसे संपले हे कळायचं बाईला, पण ते कशात गेले हे विचारायची सोय नव्हती.

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही अकरा घरच्या बायका मारुतीच्या पारावर बसलो. पारावर बायका बसल्या यावरच आधी दोन दिवस चर्चा! असो. आम्ही उलटीकडून मोजायला सुरुवात केली. भिंतीवरचा काँक्रीटचा पट्टा ज्या दिवशी ओतायचा तो दिवस आधी धरला. मग मागे मागे आलो. त्या दिवशी गवंडी पाहिजे, त्याच्या आधी सेंटरिंगच्या फळ्या, त्याआधी सळई वाकवणारा. वाळू आणि खडी पावसाच्या कितीतरी आधी आणून झाकून ठेवायची, कारण त्यांना काही होत नाही. सिमेंट सगळ्यात शेवटी, ओतायच्या आठवड्यात. अकरा घरांची वाळू एकत्र मागवली तेव्हा ट्रक गावात यायला तयार झाला. एकटीला त्यानं कधी भाव दिला नसता. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि प्रत्येकीवर खडूनं तारीख. जुनं आधी वापरायचं. माल उतरताना पोती मोजायला दोघीजणी, आणि त्या मोजल्याशिवाय पावतीवर कुणाची सही नाही. याला सप्लाय चेन मॅनेजमेंट म्हणतात हे मला फार नंतर, एका प्रशिक्षणात कळलं.

इतकं सगळं बसवलं तरी एक गोष्ट राहिलीच. पाणी. सरकारी अंदाजपत्रकात तर नव्हतंच, पण आमच्या पारावरच्या हिशेबातही नव्हतं. साहेबांना विचारलं तर ते सहज म्हणाले, "पाणी काय, बायका आणतीलच." त्यांचा राग आला, पण खरं सांगायचं तर आम्हीही तेच धरून चाललो होतो.

मग एका घराचा हिशेब मांडला. एका पोत्याला मिसळायला पंचवीस लिटर पाणी. वीस पोती म्हणजे पाचशे लिटर, पंधरा लिटरचे तेहतीस-चौतीस हंडे. पुढे पट्टा दहा दिवस ओला ठेवायचा, सकाळी सहा हंडे, संध्याकाळी सहा. ते एकशे वीस. दीडशेच्या वर हंडे झाले. विहिरीची एक खेप रांगेसकट अर्धा तास धरली तर पंचाहत्तर तास. म्हणजे मजुरीचे नऊ दिवस बुडाले, आणि तेही ऐन उन्हाळ्यात, घरचं पाणी भरून झाल्यावर. थकलेली बाई सहाव्या दिवशी पाणी मारणं सोडते, पट्टा कच्चा राहतो, आणि दोष तिच्यावर येतो.

हा आकडा कागदावर आला तेव्हा पुरुषही गप्प झाले. मग बैलगाडीवर पिंपं चढली, गाडीभाडं अकरा घरांत वाटून घेतलं, आणि पट्टे पाठोपाठ न ओतता दोन-दोन घरांचे ओतले, म्हणजे विहीर पुरली. पाण्यामुळे कामाचं सगळं वेळापत्रकच बदलावं लागलं.

यावर आपल्याच चळवळीतल्या एका ताईंनी मला हटकलं होतं. घरच्या पाण्याला पैशांत मोजायचं म्हणजे बाईचं काम बाजारात नेणं नाही का? मला तसं वाटत नाही. न मोजलेलं काम बाजार फुकटच वापरतो.

तेव्हा तुमच्या शेडकडे येते. तुमच्या यादीत प्रत्येक मालापुढे आणखी तीन रकाने घाला: कोण आणणार, कुठे ठेवणार, कुणाच्या वेळेतून. पायाचा महिना तुम्ही मे धरलाय. तुमच्या गावात मे महिन्यात टँकर येतो असं कालच कुणीतरी म्हणालं. मग पायाला पाणी मारणार कोण? आणि तूर घरात येते साधारण जानेवारीत, त्याआधी मिल उभी राहिली नाही तर ती व्यापाऱ्याकडे जाईल. म्हणजे जानेवारीपासून मागे मोजत या.

जेवणानंतर दोन्ही कागद घेऊन या पलीकडच्या खोलीत. पेन्सिल आणि खोडरबर आणा. तारखा बऱ्याच खोडाव्या लागतील.