धुके, कातळ आणि काजवे : फिल्मवर व सेन्सरवर

फिल्म आणि डिजिटल छायाचित्रणातला मूळ फरक उजेड टिपण्याच्या रीतीत आहे. फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे बारीक कण असतात. प्रकाश पडलेल्या कणांची डेव्हलपरमध्ये काळी चांदी होते, उरलेले कण हायपोत विरघळून जातात. डिजिटल सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल प्रकाशाच्या प्रमाणात विद्युतभार साठवतो आणि त्या भाराचा आकडा होतो.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत हा फरक लख्ख कळतो. पावसाळा सरताना राजगडाच्या पद्मावती माचीवरून सकाळी खाली पाहावे, तर खोरे पांढऱ्याशुभ्र धुक्याने भरलेले असते आणि जवळचा कातळ ओला, काळाकभिन्न. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड सोसते. धुक्यावर ऊन आले तरी त्याचे पदर तिच्यावर उमटतात. कातळाच्या सावलीत प्रकाश कमी पडला, तर मात्र तेवढी जागा कोरी राहते. डिजिटलचे नेमके उलटे. पिक्सेल एकदा भरला की पुढचा उजेड त्यात मावत नाही आणि धुक्याच्या जागी सपाट पांढरा डाग उरतो. सावलीतले बारकावे मात्र रॉ फाइलमधून मागाहूनही बऱ्याच अंशी उजळता येतात. म्हणून निगेटिव्हवर सावली मोजून, तर डिजिटलवर उजळ भाग सांभाळून एक्स्पोजर द्यावे. स्लाइड फिल्म या बाबतीत डिजिटलइतकीच हळवी असते.

रात्री डिजिटल निर्विवाद सरस ठरते. जूनच्या तोंडाशी झाडीत काजवे चमकतात. त्यांची ठिणगी फिल्मवरही उमटते, पण मागच्या झाडांचे आकार यायला शटर बराच वेळ उघडे ठेवावे लागते आणि एवढ्या वेळात फिल्मची संवेदनशीलता घटत जाते. डिजिटलवर थोड्या थोड्या सेकंदांच्या अनेक फ्रेम घेऊन त्या संगणकावर एकत्र करता येतात. ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये फ्रेमच ३६, आणि चूक कळते ती रोल धुतल्यावर.

जतनाचा प्रश्न दोन्हींकडे आहे. दमट हवेत निगेटिव्हच्या जिलेटिनवर बुरशी धरते. म्हणून निगेटिव्ह सिलिका जेलसह कोरड्या जागी ठेवावी लागते. फाइलला बुरशी लागत नाही, पण एकुलती एक हार्ड डिस्क बिघडली तर सगळा संग्रह एकदम जातो. फाइलच्या किमान दोन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी.