काम शोधताय? आधी नाव नोंदवा



हातातलं काम गेलंय?
की शिक्षण संपलं, पण अजून कुठून बोलावणं नाही?
मग आधी नाव नोंदवा.

जिल्ह्याच्या ठिकाणी शासनाचं रोजगार मार्गदर्शन केंद्र असतं.
तिथली नोंदणी मोफत आहे.
शासनाच्याच महास्वयं संकेतस्थळावर ती घरबसल्याही होते.
रोजगार मेळाव्यांची माहितीही तिथेच मिळते.

आयटीआय झालेल्या मुलामुलींनो,
शिकाऊ उमेदवारी सोडू नका.
१९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार त्यात दरमहा विद्यावेतन मिळतं.
ते पगाराएवढं नसतं.
पण कारखान्यातला अनुभव मिळतो,
आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो.

नोकरी लावतो म्हणून कुणी आधी पैसे मागेल.
अनामत म्हणेल, प्रशिक्षण शुल्क म्हणेल.
देऊ नका.

घरच्यांनो,
“काय झालं नोकरीचं?” असं रोज विचारू नका.
जेवायला मात्र सोबत बसा.

तेव्हा उद्याच नाव नोंदवा.
आधार कार्ड आणि गुणपत्रिका जवळ असू द्या.