पंधरा रुपयांचा सातबारा



पीककर्ज काढायचं म्हटलं की सातबारा आला. तो मिळायचा तलाठ्याकडे, आणि एका तलाठ्याकडे अनेकदा दोन-तीन गावं असायची. तलाठी आज कुठल्या गावात भेटतील, हे विचारत फिरायचं आणि त्यात दिवसाची मजुरी बुडायची. पुढे महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा फुकट दिसू लागला, तरी हा हेलपाटा सुटला नाही. कारण तो उतारा फक्त पाहण्यापुरता होता. बँकेला सही-शिक्क्याचाच लागायचा.

2018 साली डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला. 15 रुपये भरायचे आणि उतारा काढून घ्यायचा. तो कायद्याने ग्राह्य, त्यावर वेगळा शिक्का नको. फुकटचा उतारा समोर असताना लोक पैसे मोजून हा घेतात, याचा नीट विचार व्हायला हवा. खेड्यातला माणूस मोबाइलला बिचकतो, असं शहरात सहज बोललं जातं. मला ते मुळीच पटत नाही. हातातला कागद पुढच्या टेबलावर चालणार आहे का, एवढंच तो बघतो. चालणार असेल तर बाकीचं तो शिकून घेतो, नाहीतर महा ई-सेवा केंद्रात जाऊन काढून घेतो.

ई-पीक पाहणी अॅपचं मात्र जरा वेगळं आहे. 15 ऑगस्ट 2021पासून शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि सातबाऱ्यावरची नोंद करतो. तूर लावली असताना कागदावर भलतंच पीक, असले प्रकार टाळणं आता त्याच्या हातात आलं. ही मोठी गोष्ट आहे. पण नोंद राहिली तर नुकसानभरपाई अडते, हमीभावाची खरेदी अडते, म्हणून हे अॅप घ्यावंच लागतं. डोंगरकपारीत रेंज नसते. घरातला एकुलता एक स्मार्टफोन पुण्याला शिकणाऱ्या मुलाकडे असतो, आणि जमीन असते आईच्या नावावर. अशा माउलीने काय करायचं? तिच्यासाठी पीक पाहणीला नेमलेल्या सहाय्यकाने बांधावर गेलंच पाहिजे. ती तिच्यावर मेहेरबानी नव्हे, तिचा हक्क आहे.

पुढचा हंगाम सुरू होण्याआधी ग्रामसभेत हा विषय जरूर घ्या. फोन नसलेले खातेदार कोण आणि त्यांच्या शेतावर कोण कधी जाणार, हे त्याच बैठकीत नावानिशी लिहून घेता येईल.